कोरड्या भाजीचा डबा

६ फेब्रुवारी

माझ्या भिंगरीला,

आधी गालाला एक चिमटा, मग आशीर्वाद.

अगं, पेपरात तुझा फोटो आला! केवढा मोठा! मला आधी वाटलं, ही बाई ओळखीची दिसते, कुठे बरं भेटली होती? मग नाक बघितलं. नाक आपल्याच घरातलं. डोक्यावर टोपी, गळ्यात काहीतरी दोरीला बांधलेलं, आणि केस कापून टाकलेस! चांगले दिसतात. मागून मुलगा वाटत असशील, पण चांगले दिसतात.

खाली लिहिलंय की तू लिहिलेला आणि तूच काढलेला सिनेमा पुढच्या महिन्यात लागतोय. ‘लेखिका-दिग्दर्शिका’. तो शब्द मी बोटाने धरून धरून वाचला, जोडाक्षरं फार आहेत त्यात. जोडाक्षरं मला तूच शिकवलीस. मी शाळा सोडली दुसरीत आणि मला शिकवलंस तेव्हा तूही दुसरीत, म्हणजे आपण दोघी एकाच वर्गातल्या. बाजारात जाताना तू मला प्रत्येक दुकानाची पाटी वाचायला लावायचीस आणि चुकले की सगळ्यांदेखत ओरडायचीस, “आजी, तो क्ष आहे, क्ष!” औषधवाला अजून मला बघून हसतो.

पेपर तुझ्या बापाने आणला. आणला एवढंच म्हणते, दाखवला नाही. तो वाचून झाला की पेपर रद्दीत टाकतो. आज मात्र ते पान वर करून टेबलावर ठेवला, त्यावर माझा चष्मा ठेवला आणि आंघोळीला गेला. मी विचारलं, “माझा चष्मा इथे कुणी आणला?” तर म्हणे, “तूच विसरली असशील.” बरं बाबा, मीच विसरले.

आता पत्र का लिहिते ते सांगते. फोनवर मला काही ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र आणून दिलंय, पण ते घातलं की शिट्टी वाजते. तीही मला ऐकू येत नाही, दुसऱ्यांना येते आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. म्हणून ते खणात ठेवलंय. ओठ मात्र मी छान वाचते. तुझ्या बापाला हे अजून माहीत नाही. मला कळू नये असं काही असलं की तो हळू बोलतो आणि मी गंमत बघत बसते.

तुझ्या कंपनीचा पत्ता खालच्या शिवणवालीने शोधून दिला. तू गेल्यानंतर राहायला आली ती. दिवसभर शिलाई मशीनवर बसायचं म्हणून मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे या इमारतीत फक्त तिचंच मला ऐकू येतं. आमचं जमलंच मग.

तुला आठवतं, तू नवीन नवीन कामाला लागलीस तेव्हा मला एकदा शूटिंग बघायला नेलंस? तू तेव्हा चित्रण सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यासमोर ती काळी पाटी आपटायचीस. एक नटी फोनवर बोलत होती, रडत होती, मध्येच थांबत होती. मी विचारलं, पलीकडे कोण आहे? तू म्हणालीस, “कुणी नाही गं, फोन बंद आहे.” मग ती थांबते कशाला? तर म्हणालीस, “पलीकडच्याचं वाक्य मनात म्हणायचं, तेवढी जागा सोडायची, मग पुढचं बोलायचं. जागा नाही सोडली तर खोटं वाटतं.”

मला ते फार आवडलं होतं. आता या पत्रांत मी तसंच करणार आहे.

जेवतेस का वेळेवर?

(इथे जागा सोडली आहे.)

बरं बरं. खोटं बोलू नकोस.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. तू आणि तुझा बाप एकदा माझ्यादेखत बोला, एवढंच. मला ऐकू नाही आलं तरी चालेल. ओठ हलताना दिसले तरी पुरे.

तुझी,
एकाच वर्गातली


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही आलं. नसू दे. सिनेमा लागायच्या आधी माणसाला मान वर करायला फुरसत नसते, असं शिवणवाली म्हणते. तिला काय माहीत म्हणा, पण ती ठामपणे बोलते त्यामुळे पटतं.

आज सकाळी मी तीन ताटं घेतली. दोन खाली ठेवली, मग आठवलं, आणि तिसरं तसंच हातात घेऊन उभी. बापाने बघितलं. माझ्या हातातून घेऊन फडताळात ठेवलं. तो आता निवृत्त झालाय ना, दिवसभर घरात असतो. घरात दोन माणसं आहेत, पण मला ऐकू येत नाही आणि त्याला बोलायचं नाही. फ्रिज चालू आहे की बंद हे मी हात लावून बघते. त्याचंही तसंच करावं असं कधी कधी वाटतं.

तुझी खोली आहे तशी आहे. टेबलावरचा दिवा मी रोज पुसते. मागच्या महिन्यात त्याचा बल्ब गेला, तर दुसऱ्या दिवशी नवा बसलेला. मी तर स्टुलावर चढू शकत नाही. मग कुणी बसवला असेल?

(जागा.)

हो, मलाही तसंच वाटतं.

पत्र लिहायला बसलं की तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो, तर आज लिहूनच टाकते. तू पाटी आपटायचं सोडून मालिकेचे भाग लिहायला लागली होतीस. तुझं नाव टीव्हीवर यायचं, अगदी शेवटी, भरभर, माझ्याने वाचून व्हायचं नाही. बाप मात्र बरोबर त्या वेळी उठून टीव्हीजवळ जायचा आणि बोट लावायचा. काचेवर त्याच्या बोटाचा डाग पडला होता. मी तो पुसत नसे.

त्या दिवशी त्याने समोरच्यांना बोलावलं, वरच्यांना बोलावलं. आज माझ्या लेकीने लिहिलेला भाग आहे म्हणून. घरातल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, मी पलंगाच्या कडेला बसले, टीव्हीच्या अगदी नाकासमोर. मला तेव्हाही कमीच ऐकू यायचं, आणि एवढ्या माणसांत तर काहीच नाही. मी आपली चित्रं बघत होते.

त्यात एक बाप होता. त्याची नोकरी गेलेली. घरी सांगायची लाज वाटते म्हणून रोज डबा घेऊन कामाला निघाल्यासारखा निघतो आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसतो. दुपारी मांडीवर डबा उघडतो, खातो, आणि शेवटचा घास मुद्दाम शिल्लक ठेवतो. कारण कामावर असताना कधी डबा संपवायला सवडच मिळत नसे, घरी रोज घासभर उरूनच यायचं. रिकामा डबा गेला तर घरी कळेल. म्हणून तो त्या घासाकडे बघतो, भूक असते, आणि झाकण लावतो.

मला रडू आलं. पदराने डोळे पुसून मागे वळले, तर सगळे हसत होते. समोरची तर मांडीवर थापा मारत होती. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बघितलं की काय. आणि तुझा बाप उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलेलं. त्याने टीव्ही बंद केला. माणसं चपला घालून निघून गेली.

मग तुम्ही दोघं बोललात. फार भरभर बोललात, मला ओठ धरता येईनात. त्याचं एक वाक्य मात्र मला नीट दिसलं: “आईसमोर?” एवढंच. ते त्याने दोनदा म्हटलं. संध्याकाळी तू बॅग घेऊन निघालीस. दारात वळून तू काहीतरी म्हणालीस. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते, पण डोळ्यांत पाणी होतं, ओठ दिसले पण कळले नाहीत.

कळत नाही म्हणून नुसती मान हलवली मी. तुला वाटलं असेल, म्हातारीला समजलं.

दिवा पुसणारी


२३ फेब्रुवारी

भिंगरे भिंगरे भिंगरे,

मला कळलं तू दारात काय म्हणाली होतीस!

थांब, आधी श्वास घेते. शिवणवाली जिन्यावरून ओरडतच वर आली, “आजी, तुमची नात फोनवर आलीय!” मी घाबरले, म्हटलं खरंच फोन आला की काय, मी तर केसही विंचरले नाहीत. ती मला खाली तिच्याकडे घेऊन गेली, तर मोबाइलवर तुझी मुलाखत. तू खुर्चीत बसलीस, पाय वर घेऊन. लहानपणी सांगून सांगून दमले, पाहुण्यांसमोर पाय खाली. असू दे. आता तूच मोठी, तुझ्या पायांना कोण बोलणार.

त्या माणसाने विचारलं, तुम्ही मालिका का सोडल्यात? आणि तू खाली बघितलंस, मग वर, आणि जे म्हणालीस ते म्हणताना तुझं तोंड अगदी तसंच हललं, दारात हललं होतं तसं. मी शिवणवालीचा हात घट्ट धरला. म्हटलं, काय म्हणाली, काय म्हणाली? ती ओरडली:

“मी ते हसण्यासाठी लिहिलं नव्हतं!”

पूर्ण मुलाखत तिने मला पुन्हा पुन्हा थांबवून समजावली. बिचारीचा एका ब्लाउजचा गळा त्या नादात उलटा शिवला गेला. तू म्हणालीस की लिहिणारा फक्त लिहितो. चित्र झाल्यावर त्यावर वाद्यं घालतात, ते दुसरे लोक. वाहिनीवाल्यांना तो बाकावरचा भाग फार रडका वाटला, म्हणून त्यांनी तुला न विचारता त्याखाली गमतीचं संगीत टाकलं. टुणटुण टुणटुण. तो घास उरवतो तेव्हा तर भोंगा वाजवला म्हणे. तुलाही ते सगळ्यांबरोबर टीव्हीवरच पहिल्यांदा कळलं. आणि तेव्हाच तू ठरवलंस की यापुढे आपण लिहायचं ते आपणच काढायचं. मग कुणाकुणाच्या हाताखाली राबलीस, जाहिराती केल्यास, साबणाच्या केल्यास, गादीच्या केल्यास. ती गादीची जाहिरात तुझी होती? ती मला फार आवडायची! तो जाड माणूस उडी मारतो ती!

म्हणजे बघ, त्या दिवशी त्या खोलीत तू लिहिलेलं जसंच्या तसं बघणारी मी एकटीच होते. मला संगीत ऐकूच आलं नाही. बहिरेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला आणि तो मला आत्ता कळतोय.

मी लगेच घरी गेले. बाप खिडकीपाशी बुटांना पॉलिश करत होता. कुठे जायचं नसलं तरी करतो. मी म्हटलं, “अरे, ते संगीत तिने नव्हतं घातलं.” तो म्हणाला, “कोणतं संगीत?” मी म्हटलं, “टुणटुण.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता डॉक्टरकडे न्यावं लागणार. मी म्हटलं, “भोंगा! भोंगा पण नाही!” तेव्हा कळलं त्याला मी कशाबद्दल बोलतेय ते. ब्रश खाली ठेवला, एकच बूट चकचकीत झालेला, तसाच घालून बाहेर गेला.

मागून मी ओरडले, “दुसरा तरी पुसून जा!”

पण जाताना दारात वळून तो हळू बोलला, मला कळू नये म्हणून. मी वाचलं. म्हणाला, “संगीताचा प्रश्नच नाही.”

मग कशाचा आहे, मला ठाऊक आहे. “आईसमोर?” हे मी विसरले नाहीये. आता ती गाठ मलाच सोडवावी लागणार. तू तिथून धीर दे.

(जागा. जरा मोठी सोडली आहे.)

गादीवाल्या जाहिरातीची चाहती


४ मार्च

बाळ,

आज अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे.

मी त्याला शर्ट दाखवला.

तुला शर्टाचं काय माहीत असणार. बापाची नोकरी गेली तेव्हा तू कॉलेजातून येताना त्याला तसंच बागेत बसलेलं बघितलं असणार आणि कुणाला सांगितलं नाहीस. तुझ्या मनात ठेवलंस. मलाही सांगितलं नाहीस, कारण तुला वाटलं आजीला धक्का बसेल. तुझा बाप तर माझ्यापासूनच लपवत होता सगळं. तुझी आई गेल्यावर घरात मीच होते ना. डबा मीच भरायचे, दाराशी उभी राहून मीच निरोप द्यायचे.

आणि कपडे कोण धूत होतं?

नोकरी गेल्यावर पंधरवडाही झाला नसेल, त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर हिरवे पट्टे आले. आडवे, एकसारख्या अंतरावर. मी म्हटलं ऑफिसात असं काय आहे? दुसऱ्या दिवशी भाजीला गेले, तर बागेतल्या बाकांना नवा हिरवा रंग दिलेला. मी बाक बघितला, धुण्यातला शर्ट आठवला, आणि भाजी न घेता तिथूनच परत आले. रॉकेलने घासघासून रंग काढला. पूर्ण गेला नाही. तो शर्ट मी पुन्हा त्याला घालायला दिला नाही, फाटला म्हणून सांगितलं.

नंतर त्याला दुसरीकडे लागलं, पगार कमी, पण लागलं. तोही बोलला नाही, मीही नाही, तूही नाही. तीन माणसं एका घरात आणि तिघांच्या पोटात तीच गोष्ट. आता विचार केला की हसू येतं. थोडं.

काल संध्याकाळी तो खिडकीत बसला होता. मी शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने उलगडला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून:

“तुला माहीत होतं?”

“डबा मीच भरत होते की.”

“कधीपासून?”

“बाकांना रंग दिला तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस, आई?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते.”

तो शर्टाची घडी घालायला लागला. घालतोय, मोडतोय, घालतोय. मग एकदम थांबला.

“तू पातळ भाजी बंद केली होतीस,” म्हणाला. “मी विचारलं होतं, हल्ली रोज कोरडीच का? तर म्हणालीस, टोमॅटो महाग झालेत.”

“मांडीवर डबा ठेवून पातळ भाजी कशी खाणार होतास? पँटवर सांडली असती. आणि ती पण मलाच धुवायला लागली असती.”

तो हसला. आणि मग चेहरा ओंजळीत घेऊन बसला. मी पाठीवर हात ठेवला, जिथे पट्टे असायचे तिथे. एवढा मोठा निवृत्त माणूस, पण पाठ तीच गं, लहानपणची.

थोड्या वेळाने म्हणाला, “मला वाटलं, तुला तिने सांगितलं. टीव्हीवर. सगळ्यांसमोर. मी इतके दिवस सांभाळलेलं.”

मी म्हटलं, “तिने मला नवीन काहीच सांगितलं नाही. घास मुद्दाम उरवत होतास, तेवढं एक नवीन होतं.”

सकाळी मी त्याला खाली शिवणवालीकडे ओढून नेलं. तिने मोबाइलवर तो जुना भाग शोधून ठेवला होता. मी म्हटलं, आवाज बंद कर. ती म्हणाली, आजी, आवाजाशिवाय काय कळणार? मी म्हटलं, मला जेवढं कळतं तेवढं कळेल.

तिने मशीनही थांबवलं. तो स्टुलावर बसून बघत राहिला. बाक, डबा, घास, झाकण. संपल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“परत लाव,” म्हणाला.

पण भिंगरे, फोन कर म्हटलं तर नाही म्हणतो. “काय बोलू? एवढ्या वर्षांनी काय बोलू?” असं म्हणून आत गेला. मी फोन हातात दिला तर त्याने तो टेबलावर पालथा ठेवला. मी दमले आज. सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागतोय ना? शिवणवालीने दोन तिकिटं काढलीत, तिचं आणि माझं. त्याला विचारलं तर म्हणाला, मला बँकेत काम आहे.

शुक्रवारी दिवसभर काम आहे का, असं मी विचारलं नाही.

धुणंवाली


१२ मार्च

माझ्या भिंगरीला, भिंगरीच्या म्हातारीकडून,

बस, आधी खाली बस. उभ्याने वाचू नकोस.

आज शुक्रवार, सकाळीच तुझा बाप दाढी करून, दोन्ही बूट चकचकीत करून तयार. म्हणाला, “आई, बँकेत गर्दी असेल, वेळ लागेल. डबा दे.” मी ओट्यापाशी वळले, तर मागून मोठ्याने म्हणाला, “कोरडीच भाजी दे हं.”

बँकेत कोरडी भाजी कशाला, सांग बघू?

(जागा.)

तेच! मी हसू दाबून डबा भरला. दाराशी उभी राहून निरोप दिला, तेव्हा द्यायचे तसाच. तोही तसाच गेला, पिशवी खांद्याला, मागे न बघता.

मग मी आणि शिवणवाली निघालो. मी चांगली साडी नेसले. थेटर मोठं आहे गं, पायऱ्या दिसत नाहीत अंधारात, तिने मला जवळजवळ उचलूनच नेलं. सकाळचा खेळ, माणसं फार नव्हती, तुला वाईट वाटायला नको पण खरं सांगते. जी होती ती शेवटपर्यंत बसली. आमच्या पुढे दोन ओळी सोडून एक डोकं होतं. मागून टक्कल, दोन्ही कानांवर केस. ते डोकं मी न्हाऊ घातलेलं आहे, मला अंधारात ओळखायला काय.

मी शिवणवालीला खूण केली, गप्प बस. तिचं गप्प बसणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही, बिचारीने तोंडात पदर कोंबला.

आणि थेटरात मला ऐकू येतं! हे कुणी सांगितलं कसं नाही मला? आवाज छातीतच वाजतो. सिनेमातली ती मुलगी शहरात येते, कुणीही काम देत नाही, ती जिन्यात बसून लिहिते, ती दुसऱ्यांच्या नावावर लिहिते, सगळं ऐकलं मी. तो जिना खरा होता का गं? त्या खोलीला खिडकी नव्हती, ती खरी होती? तू कधी लिहिलंही नाहीस आम्हाला. मी त्या वेळी इथे तुझा दिवा पुसत होते. पुसत असताना तू तिथे काय करत होतीस, ते मी आत्ता तिकीट काढून बघितलं.

असू दे. मी आज रडणार नाही म्हणून ठरवलंय.

मग तो भाग आला. मुलीला पहिलं मोठं काम मिळालंय, ती रस्त्यावर उभी राहून घरी फोन लावते. मागे गाड्या. तिने काही सांगितलं नाही, काम मिळालं वगैरे काहीच नाही. नुसतं विचारलं,

“बाबा, डबा संपवला का?”

आणि थांबली.

कसलं संगीत नाही. गाड्यांचा आवाजही गेला. मला वाटलं माझे कान परत गेले, मी शिवणवालीकडे बघितलं, तर तीही श्वास धरून बसलेली. पलीकडून कुणी बोलत नाही. मुलगी कानाला फोन लावून वाट बघतेय. एवढी जागा कुणी सोडतं का, भिंगरे? तूच म्हणाली होतीस, पलीकडच्याचं वाक्य मनात म्हणायचं, तेवढीच सोडायची. ही तर कितीतरी मोठी होती. इतक्या जागेत माणूस घरून निघून थेटरापर्यंत येईल.

मी पडद्याकडे बघायचं सोडून त्या डोक्याकडे बघितलं.

डोकं हललं. वरून खाली. एकदा. मग आणखी एकदा. “हो,” म्हणाला असेल का? मला ऐकू आलं नाही, आणि मागून ओठ दिसत नाहीत. शिवणवाली म्हणते, आवाज आला. ती काहीही ठामपणे सांगते, म्हणून ते मी तुला पक्कं सांगत नाही. पण मान हलली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि पुढचं ऐक. मान हलवून झाल्यावर तो वाकला, पिशवीतून डबा काढला, मांडीवर ठेवला आणि झाकण उघडलं. खोटारडा! आधी हो म्हणाला आणि मग खायला बसला! चमचा आपटत असणार, कारण बाजूचा माणूस वळून बघायला लागला, पण हा थांबेना. पडद्यावर तुझी मुलगी चालत चालत लांब गेली, नावं यायला लागली आणि हा खातोय. मग तुझं नाव आलं. अगदी पहिलं, मोठं, सावकाश. माझंही वाचून झालं. त्याने चमचा खाली ठेवला आणि हात वर केला, बोट लावायला. पडदा फार लांब होता. हात तसाच हवेत धरून बसला.

आम्ही दिवे लागायच्या आत बाहेर पडलो. मला घरी आधी पोचायचं होतं.

तो उशिरा आला. मी विचारलं, “झालं का बँकेचं काम?” म्हणाला, “झालं. गर्दी होती.” मी म्हटलं, “असणारच.” मग तो तुझ्या खोलीत गेला, दिवा लावला, आणि त्या दिवशी पालथा ठेवलेला फोन मांडीवर घेऊन बसला. अजून बसलाय. त्याच्याने बोलवत नाही, नंबर दाबतो आणि पुसतो. तर तूच लाव. तो उचलेल. काही बोलला नाही तर घाबरू नकोस, जागा सोडून थांब.

मी इकडे डबा धुवायला घेतला आणि झाकण उघडून बघितलं. तू विचारलंस म्हणून कळवते.

संपवलाय गं. घासभरही उरवला नाही.

आजी